माहितीकोशापुढील रांग : एकाच वेळी किती पृच्छा आत घ्याव्यात?

पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौक पुस्तकांच्या बाजारपेठेमुळे साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. पेशवाईतील सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चौकात जून महिना उजाडला की पालकांची व विद्यार्थ्यांची झुंबड उडते. येथील जुन्या वळणाच्या दुकानांची विक्रीची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. गिऱ्हाईक दुकानात शिरून कपाटे धुंडाळीत नाही. ते काउंटरपाशी उभे राहून यादी देते. आतला नोकर ती यादी घेऊन मागच्या खोलीत किंवा माळ्यावर जातो, पुस्तके काढून आणतो, बिल होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाची यादी आत जाते. बाहेर शंभर माणसे ताटकळत असली तरी आत हिंडणारे चार-सहाच असतात. एखाद्या दुकानदाराने उदार मनाने शंभरही जणांना आत सोडले, तर अरुंद वाटेत एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावे लागेल, माळ्याची शिडी एकाच वेळी दहा जणांना हवी असेल आणि तासाभराने हिशेब पाहिला तर नेहमीपेक्षा कमीच पुस्तके विकली गेल्याचे आढळेल.

संगणकावरील माहितीकोशाची, म्हणजे व्यवहारात ज्याला डेटाबेस म्हणतात त्याची, गोष्ट याहून फारशी निराळी नाही. तलाठी कार्यालयात, ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात, शाळेच्या कचेरीत किंवा रास्त भाव दुकानात “सर्व्हर डाऊन आहे” हे वाक्य आज सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. या एका वाक्यात अनेक वेगवेगळ्या अडचणी दडलेल्या असतात. कधी वीज गेलेली असते, कधी तार तुटलेली असते. परंतु पुष्कळदा यंत्र चालू असते, तार शाबूत असते आणि तरीही काम होत नाही, कारण यंत्राने एकाच वेळी झेपेल त्याहून अधिक काम हाती घेतलेले असते. त्यावरचा उपाय म्हणून अधिक मोठे यंत्र खरेदी करण्याचा प्रस्ताव ताबडतोब तयार होतो. काउंटरवरची शिस्त तपासण्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

पृच्छा आणि तिचा प्रवास

आज शासनाच्या बहुतेक नोंदी ज्या पद्धतीच्या माहितीकोशात ठेवल्या जातात, तिचा पाया एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली घातला. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात काम करीत असता त्याने असे सुचविले की, सर्व माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि तक्त्यातक्त्यांमधील संबंध त्यातील समान रकान्यांवरून ओळखावा. सातबाराचे उदाहरण घेतल्यास गावांचा एक तक्ता, गट क्रमांकांचा दुसरा, खातेदारांचा तिसरा आणि फेरफारांचा चौथा. “अमुक गावातील अमुक गटाचे आजचे खातेदार कोण?” असा प्रश्न संगणकास विचारला की तो हे तक्ते एकमेकांशी जुळवून उत्तर देतो. या प्रश्नासच पृच्छा किंवा क्वेरी म्हणतात.

पृच्छा चालविण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, गणना करणाऱ्या कोअरचा वेळ. दुसरी, जुळवाजुळव करताना कागद पसरण्यास जशी मेजावर जागा लागते तशी स्मृतीतील जागा. तिसरी, तबकडीवरून माहिती वाचण्याची अगर तीवर लिहिण्याची क्षमता. तिन्ही मर्यादित असतात. याशिवाय प्रत्येक वापरकर्त्याला माहितीकोशाशी एक जोडणी, म्हणजे कनेक्शन, घ्यावे लागते. पोस्टग्रेस या मुक्त वापराच्या माहितीकोशात प्रत्येक जोडणीसाठी संगणकावर एक स्वतंत्र प्रक्रिया उभी राहते. निर्मात्यांनी मुळात घालून दिलेली जोडण्यांची मर्यादा पोस्टग्रेसमध्ये १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ इतकी असते. ती वाढविता येते. नवख्या तंत्रज्ञाची पहिली प्रवृत्ती ती वाढविण्याचीच असते, आणि पुढील अडचणींचे मूळ बहुधा तेथेच असते.

गर्दीचे गणित

एक साधे उदाहरण घेऊ. यंत्रात ८ कोअर आहेत आणि प्रत्येक पृच्छेला एका कोअरचा एक दशांश सेकंद लागतो. म्हणजे हे यंत्र सेकंदाला जास्तीत जास्त ८० पृच्छा पूर्ण करू शकते. आता समजा, एकाच क्षणी ४०० पृच्छा आल्या. एकूण काम ४० कोअर-सेकंदांचे झाले आणि ८ कोअरना त्यासाठी ५ सेकंद लागतील. हे काम दोन प्रकारे करता येते.

पहिला प्रकार सर्वांना आत घेण्याचा. यंत्र प्रत्येकीला थोडा थोडा वेळ देत फिरत राहते. सर्वांची प्रगती सारख्याच संथ गतीने होते आणि जवळजवळ सर्वच पृच्छा पाचव्या सेकंदाच्या सुमारास पूर्ण होतात. दुसरा प्रकार आठ-आठांना आत घेऊन बाकीच्यांना बाहेर रांगेत उभे करण्याचा. पहिल्या आठ पृच्छा एक दशांश सेकंदात मोकळ्या होतात, पुढच्या आठ दोन दशांश सेकंदात, आणि शेवटच्या आठ पाचव्या सेकंदाला. सरासरी काढली तर पहिल्या प्रकारात पाच सेकंद लागले आणि दुसऱ्यात सुमारे अडीच. यंत्र तेच, काम तेच. कोणाचाही वेळ पहिल्या प्रकारापेक्षा वाढला नाही आणि बहुतेकांचा घटला.

हा हिशेबसुद्धा पहिल्या प्रकाराला झुकते माप देणारा आहे, कारण एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारण्यास यंत्राला काहीच वेळ लागत नाही असे त्यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात प्रत्येक उडीस वेळ लागतो. त्याहून गंभीर प्रश्न जागेचा आहे. वर्गवारी व जुळवाजुळवीसाठी प्रत्येक पृच्छेला ६४ मेगाबाइट जागा लागत असेल तर आठांना मिळून ५१२ मेगाबाइट पुरतात, ४०० पृच्छांना २५,६०० मेगाबाइट लागतात. यंत्रात १६ गिगाबाइट स्मृती असेल तर उरलेला पसारा तबकडीवर न्यावा आणि पुन्हा पुन्हा आणावा लागतो. तबकडी स्मृतीपेक्षा कितीतरी पटींनी संथ असते. मग यंत्र सगळा वेळ सामान हलविण्यातच घालविते आणि खरे काम जवळजवळ थांबते. या अवस्थेचा कारणांसह अभ्यास अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग याने १९६८ सालीच मांडला होता. आत घेतलेल्या कामांची संख्या कमी करणे हाच तिच्यातून सुटण्याचा मार्ग, हेही तेव्हापासून ठाऊक आहे.

येथे एक शंका स्वाभाविकपणे निघते. राज्यात हजारो कर्मचारी एकाच वेळी संगणकासमोर बसलेले असताना आठ किंवा वीस जोडण्यांत भागणार कसे? याचे उत्तर जॉन लिटल याने १९६१ साली सिद्ध केलेल्या एका सोप्या नियमात आहे. आत असलेल्यांची सरासरी संख्या ही दर सेकंदास येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाने आत घालविलेला वेळ एवढी असते. ३,००० कर्मचारी काम करीत आहेत आणि प्रत्येकजण सरासरी मिनिटातून एकदा बटण दाबतो असे धरू. उरलेला वेळ तो कागद वाचण्यात, नावे टंकलिखित करण्यात किंवा समोरच्या शेतकऱ्याशी बोलण्यात घालवितो. म्हणजे सेकंदाला ५० पृच्छा. प्रत्येकीला एक दशांश सेकंद, म्हणून कोणत्याही क्षणी आत सरासरी केवळ ५ पृच्छा असतात. तीन हजार माणसांना पाच खिडक्या पुरतात हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण गणित सरळ आहे.

आता यातील एकच आकडा बदलून पाहावा. एखाद्या तक्त्याला योग्य सूची जोडलेली नाही. पुस्तकाच्या शेवटी विषयसूची नसली की सगळी पाने चाळावी लागतात, तसे यंत्राला सगळा तक्ता चाळावा लागतो आणि पृच्छेचा वेळ एक दशांशावरून एक सेकंदावर जातो. आता सेकंदाला केवळ ८ पृच्छा पूर्ण होतात आणि येतात मात्र ५०. दर सेकंदास ४२ पृच्छा मागे साचतात आणि एका मिनिटात अडीच हजारांहून अधिक पृच्छांची थप्पी होते. बाहेरून हे “गर्दीमुळे सर्व्हर पडला” असे दिसते. खरे कारण गर्दी नसून एका सूचीचा अभाव हे असते. मर्यादा घातल्याने हा दोष दूर होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मर्यादेमुळे इतकेच होते की, यंत्र जिवंत राहते, आत काय चालले आहे ते तंत्रज्ञास पाहता येते आणि दोषी पृच्छा शोधून काढता येते.

गर्दी आणि प्रतीक्षा यांचे नाते सरळ रेषेत वाढत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील अभियंता ए. के. एर्लांग याने १९०९ पासून या प्रश्नाचे गणित मांडले. माणसे अनियमितपणे येतात व प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त वेळ लागतो अशी एक खिडकी घेतली, तर ती निम्मा वेळ व्यग्र असताना माणसाला प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट वेळ थांबावे लागते. ती ८० टक्के व्यग्र झाली की पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. “काल तर व्यवस्थित चालले होते, आज थोडीच माणसे वाढली आणि सगळे ठप्प कसे झाले?” हा कार्यालयप्रमुखांचा नेहमीचा प्रश्न या आकड्यांनी सुटतो.

नोंदवहीचे कुलूप

आतापर्यंत केवळ माहिती वाचण्याचा विचार झाला. लिहिण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बुधवार पेठेतच १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे. अशा कोणत्याही जुन्या ग्रंथालयातील देवघेवीच्या टेबलाची कल्पना करावी. एखाद्या ग्रंथाची एकच प्रत शिल्लक आहे आणि दोन सभासद दोन टेबलांवर एकाच क्षणी ती मागतात. दोन्ही कारकुनांनी नोंदवहीत “प्रत उपलब्ध” असे वाचले आणि दोघांनीही ती देऊन टाकली, तर नोंदवही खोटी पडेल. म्हणून एक कारकून त्या ओळीवर हात ठेवतो आणि त्याची नोंद पुरी होईपर्यंत दुसरा थांबतो. माहितीकोशात या हात ठेवण्याला लॉक, म्हणजे कुलूप, म्हणतात. वाचणे, तपासणे, लिहिणे व कायम करणे या संपूर्ण क्रियेला व्यवहार म्हणतात. व्यवहार पुरा झाला की कुलूप निघते.

एकाच गटावरील दोन फेरफार किंवा एकाच महाविद्यालयातील शेवटची जागा ही अशा कुलपाची नेहमीची ठिकाणे होत. आत थोडे व्यवहार असतील तर कुलपांची टक्कर क्वचित होते. आत शेकडो व्यवहार शिरले की एक दुसऱ्यासाठी, दुसरा तिसऱ्यासाठी थांबतो, आणि कधी पहिला व दुसरा एकमेकांसाठीच थांबून राहतात. ही शेवटची कोंडी माहितीकोश स्वतः ओळखतो आणि दोहोंपैकी एक व्यवहार रद्द करून सोडवितो. परंतु लांबलेल्या रांगेवर त्याच्याकडे औषध नाही. एखाद्या आज्ञावलीची रचनाच अशी असते की, कर्मचाऱ्याने अर्ज उघडला की व्यवहार सुरू होतो आणि “जतन करा” हे बटण दाबेपर्यंत तो उघडा राहतो. कर्मचारी मध्येच चहाला गेला तर त्याच्या मागे कुलूपही तसेच राहते. माणसाचा विचार करण्याचा वेळ कधीही व्यवहाराच्या आत येऊ देऊ नये, हा आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठीचा नियम आहे. असे रिकामे उघडे व्यवहार ठराविक मुदतीनंतर आपोआप बंद करण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, ती वापरावी.

मर्यादा कोठे व किती?

मर्यादा घालण्याची जागा एकच नाही. माहितीकोशाचा बाहेरचा दरवाजा, म्हणजे एकूण जोडण्यांची संख्या, ही सर्वांत ढोबळ जागा होय. येथे मर्यादा ओलांडली की नवीन येणाऱ्यास “जोडण्या संपल्या” असा रुक्ष नकार मिळतो. रांग लागत नाही. दुकानाचे दार खाडकन बंद करण्यासारखेच हे झाले.

त्याहून चांगली जागा दाराच्या अलीकडची. संकेतस्थळ चालविणारी आज्ञावली आणि माहितीकोश यांच्यामध्ये जोडण्यांचा एक साठा ठेवतात. त्याला कनेक्शन पूल असे नाव आहे. समजा, साठ्यात २० जोडण्या आहेत. वापरकर्त्याचा व्यवहार सुरू झाला की त्याला एक जोडणी उसनी दिली जाते आणि व्यवहार संपताच ती परत घेतली जाते. एकविसावा वापरकर्ता रांगेत थांबतो, आणि बहुधा सेकंदाच्या अंशातच त्याची पाळी येते. पोस्टग्रेससाठी हे काम करणारी पीजीबाउन्सर ही छोटी मुक्त आज्ञावली पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. मात्र यात एक खोच आहे. संकेतस्थळासाठी दहा यंत्रे असतील आणि प्रत्येकावर ५० जोडण्यांचा वेगळा साठा असेल, तर माहितीकोशाच्या दाराशी ५०० जोडण्या येऊन उभ्या राहतील. गर्दी वाढली म्हणून संकेतस्थळाची यंत्रे वाढविली आणि त्यामुळेच माहितीकोश कोलमडला, असा उलटा परिणाम यातून होतो. सर्व साठ्यांची बेरीज कोणीतरी एका ठिकाणी मांडलेली असणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

साठ्यात नेमक्या किती जोडण्या असाव्यात? कोअरच्या संख्येइतक्याच ठेवल्या तर काही पृच्छा तबकडीची वाट पाहात असताना कोअर रिकामे राहतील. म्हणून आरंभ कोअरच्या दुपटीच्या आसपास करावा व पुढे मोजणी करावी. साठा ८, १६, २४, ३२ असा वाढवीत न्यावा आणि प्रत्येक वेळी सेकंदाला किती पृच्छा पूर्ण होतात ते टिपावे. हा आकडा आधी वाढेल, मग स्थिर होईल आणि पुढे घसरू लागेल. जेथे तो वाढायचा थांबतो तेथेच मर्यादा ठेवावी. या मोजणीस फारसा खर्च येत नाही. ती प्रत्यक्ष गर्दीच्या दिवसाआधी करावी लागते, एवढीच अट आहे.

रांगेलाही अंत हवा. नागरिक साधारण अर्धा मिनिट वाट पाहतो आणि पुन्हा बटण दाबतो. त्याची पहिली पृच्छा मात्र आत चालूच असते, कारण पडद्यावरचे पान बंद केल्याने माहितीकोशातील काम आपोआप थांबतेच असे नाही. अशा रीतीने एका माणसाच्या चार पृच्छा आत फिरू लागतात आणि त्यांतील तिघींचे उत्तर घ्यायला कोणीही उरलेले नसते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पृच्छेला कालमर्यादा घालणे. संकेतस्थळ ३० सेकंदांनी आशा सोडत असेल तर माहितीकोशाने २० सेकंदांतच ती पृच्छा रद्द केली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा आढळतो.

अहवाल कोणाचा, खोळंबा कोणाचा

महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे १ मे २०१८ पासून देण्यास प्रारंभ झाला. राज्यात सातबारा उताऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे आणि या अभिलेखांची सूत्रे पुण्यातील जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयाकडे आहेत. अशा प्रचंड माहितीकोशाकडे दोन अगदी भिन्न प्रकारच्या पृच्छा येतात. शेतकऱ्याला एका गटाचा उतारा हवा असतो. योग्य सूची असेल तर ते काम क्षणार्धाचे असते. वरिष्ठ कार्यालयाला मात्र “विभागातील सर्व प्रलंबित फेरफारांची तालुकानिहाय गोषवारा-संख्या” हवी असते, आणि तीसाठी लक्षावधी ओळी चाळाव्या लागतात. अशी दहा कार्यालये सोमवारी सकाळी अकरा वाजता, आढावा बैठकीच्या तयारीसाठी, तोच अहवाल मागवू लागली तर खेड्यातील शेतकऱ्याचा क्षणार्धाचा उतारा त्यामागे अडकून पडतो. त्या बैठकीत “उतारे देण्यास विलंब का होतो?” असा प्रश्न विचारला जाण्याची शक्यताही बरीच असते.

म्हणून एकच सरसकट मर्यादा पुरेशी नाही. कामाच्या वर्गवारीनुसार वेगवेगळ्या मर्यादा असाव्या लागतात. माहितीकोश तयार करणाऱ्यांनी तशी सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक खात्याला जोडण्यांची स्वतंत्र कमाल संख्या ठरवून देता येते. अहवालांच्या खात्याला ३ जोडण्या दिल्या की चौथा अहवाल आत येऊच शकत नाही. मायएसक्यूएलमध्येही वापरकर्तानिहाय मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून कामांचे गट पाडून प्रत्येक गटाला गणनावेळ, स्मृती व एकसमयी पृच्छा यांचा वाटा ठरविता येतो. ओरॅकलमध्ये गटवार सक्रिय सत्रांची संख्या बांधून देता येते आणि जास्तीची सत्रे रांगेत राहतात. मोठे अहवाल रात्री तयार करून ठेवणे, किंवा त्यांच्यासाठी माहितीकोशाची वेगळी प्रत ठेवून तीवरच ते चालविणे, हे त्याहूनही चांगले. सकाळी वाचावयाचा गोषवारा आदल्या रात्रीचा असला तर आढावा बैठकीचे सहसा काही अडत नाही.

या बाबतीतही बुधवार पेठ परिसराकडे बोट दाखविता येते. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग व केसरीवाडा या मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला असतो. यांपैकी तांबडी जोगेश्वरी व तुळशीबाग ही स्थाने बुधवार पेठेतीलच आहेत. मार्ग एक असल्याने पुढचे मंडळ चौकात थबकले की मागची सगळी रांग थबकते. म्हणूनच इतर अनेक मंडळे टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता व केळकर रस्ता या मार्गांनी जातात. तरीही मिरवणूक चोवीस तासांच्या पलीकडे लांबते, कारण प्राधान्य व मार्ग ठरलेले असले तरी प्रत्येक मंडळाने चौकात किती वेळ थांबावे हे तितक्या काटेकोरपणे पाळले जात नाही. प्राधान्य, वेगळे मार्ग आणि कालमर्यादा या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. माहितीकोशातही पहिल्या दोहोंची व्यवस्था करून तिसरी विसरल्यास एकच लांबलेली पृच्छा आपल्या गटाची सर्व रांग अडवून ठेवते.

दारापर्यंत येणारी गर्दी

तंत्रज्ञाने सर्व मर्यादा नीट घातल्या तरी एका गोष्टीवर त्याचा ताबा नसतो. किती माणसे एका क्षणी दाराशी येणार, हे बहुतांशी शासन निर्णयातील तारखा व वेळा ठरवितात. इयत्ता अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे उदाहरण ताजे आहे. पुण्यासारख्या महानगर क्षेत्रांत ही पद्धत आधीपासून होती. २०२५-२६ या वर्षी ती प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली. त्या वर्षी दहावीच्या परीक्षेत सुमारे १४ लाख ५५ हजार विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, २१ मे २०२५ रोजी, संकेतस्थळ बंद पडले आणि नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. अमेरिकेतही आरोग्यविम्याच्या शासकीय संकेतस्थळावर १ ऑक्टोबर २०१३ या पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली होती. पुढे तेथे गर्दीच्या वेळी नागरिकांना संकेतस्थळाबाहेरच्या प्रतीक्षागृहात थांबवून टप्प्याटप्प्याने आत घेण्याची व्यवस्था करण्यात आली.

गुणवत्तेनुसार होणाऱ्या प्रवेशात पहिल्या दिवशी अर्ज भरल्याने कोणताही लाभ होत नाही. परंतु ही गोष्ट पालकांना पटलेली नसते, आणि अनुभवाने ते उशिराला भितात. त्यामुळे पहिला व शेवटचा असे दोनच दिवस भरतात. मधले दिवस रिकामे जातात. विभागवार किंवा बैठक क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार नोंदणीचे दिवस ठरवून दिले तर तीच गर्दी पाच-सहा दिवसांत विभागली जाते. रेल्वेने जून २०१५ पासून तत्काळ आरक्षणात वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० व इतर वर्गांसाठी ११ अशा वेगळ्या वेळा केल्या, त्या याच विचाराने. ज्या योजनेत “प्रथम येणाऱ्यास प्रथम” असा नियम असतो, तेथे तर सर्वांनी एकाच मिनिटाला यावे असे जणू शासनच सुचवीत असते. आणि त्या मिनिटाला शहरातील वेगवान जोडणीचा माणूस दुर्गम पाड्यावरील माणसाच्या पुढे जातो. तेथे सोडत हा अधिक न्याय्य मार्ग होय, आणि यंत्रावरही तिचा भार कमी पडतो.

रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाला त्याची पाळी कधी येणार हे सांगणे हाही व्यवस्थेचा भाग समजावा. “आपला क्रमांक ३१२, अंदाजे चार मिनिटे, पान पुन्हा उघडू नये” एवढी ओळ पडद्यावर आली तरी पुन्हा पुन्हा बटण दाबण्याचे प्रमाण घटते. सेवा केंद्रातील चालकास ही ओळ समोरच्या ग्रामस्थास दाखविता येते. निव्वळ फिरते चक्र दाखवून त्याचे समाधान करता येत नाही.

सेवा पुरविणाऱ्या कंपनीशी करार करताना बहुधा यंत्रांची संख्या, स्मृती व तबकडीची क्षमता यांचे तपशील काटेकोरपणे लिहिले जातात. त्यासोबत काही साधे प्रश्न विचारून उत्तरे लेखी घेता येतील. सर्व जोडणी-साठ्यांची बेरीज किती आणि ती माहितीकोशाच्या मर्यादेत बसते काय? अहवालांसाठी वेगळे खाते आहे काय, व त्याला किती जोडण्या दिल्या आहेत? पृच्छेची कालमर्यादा संकेतस्थळाच्या मर्यादेपेक्षा कमी आहे काय? गर्दीची चाचणी कोणत्या तारखेस झाली आणि कोणत्या आकड्याला पूर्ण होणाऱ्या पृच्छांची वाढ थांबली? रांग भरल्यावर नागरिकाला कोणता मजकूर दिसतो, आणि तो मराठीत आहे काय?

आणखी एक बाब तपासण्यासारखी आहे. पोस्टग्रेसमध्ये एकूण जोडण्यांपैकी ३ जोडण्या मुख्य व्यवस्थापकासाठी राखून ठेवलेल्या असतात. मायएसक्यूएलमध्ये मर्यादेवर एक जोडणी अधिकची दिली जाते. बाहेर कितीही गर्दी झाली तरी तंत्रज्ञाला आत जाऊन अडलेली पृच्छा थांबविता यावी, यासाठी ठेवलेली ही मागच्या दाराची किल्ली आहे. काही ठिकाणी सोयीसाठी संकेतस्थळाची आज्ञावलीच व्यवस्थापकाच्या खात्याने जोडलेली असते. तसे असेल तर राखीव जोडण्याही गर्दीतच संपून जातात आणि दुरुस्तीसाठी संपूर्ण माहितीकोश बंद करून पुन्हा सुरू करण्याखेरीज मार्ग उरत नाही.